हुकूम चौकटीचा

निवृत्तीनंतर आमच्या भाऊजींना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: मीठ कमी करा, चालणं वाढवा, डोक्याला ताप करून घेऊ नका. पहिल्या दोन गोष्टींचा भाऊजींनी तक्ता करून फ्रिजवर लावला. तिसरीचे रकाने कसे पाडायचे ते सुचेना. त्या काळजीत त्यांचं ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं.

तेव्हा भाची मध्ये पडली. ती नोकरीला बंगळूरला असते, गणपतीला डोंबिवलीत आली होती. "बाबा, लॅपटॉपवर तुला एक शांत खेळ टाकून देते. शेती करायची, मासे पकडायचे, गावातल्या लोकांशी गप्पा मारायच्या. कुणी हरत नाही, कसली घाई नाही."

"कुणी हरत नाही म्हणजे? मग जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी असा फॉर्म ठेवला होता, ज्यावर सही कुठे करायची ते छापलेलंच नव्हतं.

खेळ म्हणजे 'स्टारड्यू व्हॅली'. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ राहणाऱ्या एरिक बरोन नावाच्या मुलाने तो साडेचार वर्षं खपून एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंग त्याचं. अधूनमधून पोटापाण्यासाठी तो एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करायचा. २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाहेर आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. याचा मूळपुरुष जपानी, १९९६ चा 'हार्वेस्ट मून'. खेड्यात वाढून टोकियोला आलेल्या यासुहिरो वादा या माणसाने तो काढला. म्हणजे दोन्हीकडे मूळ भावना एकच, शहराच्या कटकटीतून सुटून मातीत हात घालावा. हे भाचीने भाऊजींना नीट समजावून सांगितलं. भाऊजींनी त्यातलं "एकट्याने केला" एवढंच टिपलं आणि विचारलं, "मग तपासला कुणी?"

सुरुवातीला खेळ तुमचं नाव विचारतो, शेताचं नाव विचारतो आणि तुमची आवडती गोष्ट विचारतो. नाव टाकलं. शेताला 'मेन ब्रँच' हे नाव दिलं. आवडत्या गोष्टीपाशी गाडी अडली. दहा मिनिटं विचार करून भाऊजींनी तिथे 'एन. ए.' टाकलं. लागू नाही. फॉर्ममधला रकाना कोरा सोडायचा नसतो.

मग प्रवेश पहिला. जोजा नावाच्या बड्या कंपनीचं कार्यालय, एकामागे एक खुराडी, प्रत्येकात मान मोडून बसलेला कर्मचारी. एका खुराड्यात तर चक्क हाडांचा सापळा टेबलावर कलंडलेला. तुम्ही ड्रॉवर उघडता, आजोबांनी मरताना दिलेलं पत्र काढता आणि नोकरी सोडून त्यांच्या पडीक शेतावर निघून जाता. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी या जागी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. भाऊजींनी खेळ थांबवला. "ऑफिस चांगलं आहे की! टेबलांची रांग बघ, एक इंच इकडेतिकडे नाही." मग सापळ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "याच्या बायकोची पेन्शन सुरू झाली असेल ना रे?"

आता या माणसाचं काय करायचं?

याचं उत्तर पत्त्यात आहे. रिचर्ड बार्टल नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलेला 'मड' नावाचा नुसत्या अक्षरांचा खेळ या बार्टलने पुढे वाढवला होता. तिथे जमणाऱ्या खेळगड्यांना बघून बघून त्याने त्यांचे चार रंग पाडले. काही गडी मिळवायला येतात, ते चौकट. तिकडे चौकटीला हिरा म्हणतात. काही खणायला, हुडकायला येतात, ते इस्पिक. इस्पिक म्हणजे तिकडे फावडं. माणसांसाठी येतात ते बदाम. दुसऱ्याला बदडण्यात ज्यांना गोडी ते किलवर, म्हणजे सोटा. निबंध होता भलत्याच खेळाबद्दल, पण मेंढीकोटात वाढलेल्या मराठी माणसाला पटायला वेळ लागत नाही. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा हे चार रंग दिसतात. एक जण आहेराची यादी करत असतो, एक स्वयंपाकघरामागे काय आहे ते बघून येतो, एक सगळ्यांच्या गळ्यात पडतो आणि एक मानपानावरून भांडण लावून देतो.

भाऊजींच्या हातात तेराच्या तेरा पानं चौकटीची. महाबळेश्वरला सूर्यास्त बघायला गेलो की सगळे आकाशाकडे बघतात आणि हे मनगटाकडे. सूर्य छापील वेळेला बुडाला का ते ताडून बघतात. एकदा दीड मिनिट उशीर झाला होता. परतीच्या वाटेवर ते जरा नाराजच होते.

मी कोण, तेही सांगून टाकतो. बार्टलच्या चारात मी नाही, पण आपल्या भाषेत माझ्यासाठी शब्द तयार आहे: आरंभशूर. माझ्या लॅपटॉपवर याच खेळातली अकरा शेतं आहेत. अकराही ठिकाणी पहिला वसंत चालू आहे. नवीन शेताचं नाव ठेवणं, शर्ट निवडणं, पहिला वाफा खणणं यात मला जो आनंद आहे तो सतराव्या दिवशी पाणी घालण्यात नाही. भाऊजी मला म्हणतात, "तुझी सगळी खाती डॉर्मंट."

खुद्द भाची इस्पिक, आणि लहान असताना तिच्यात किलवरची दोन-चार पानंही होती. वीसेक वर्षांपूर्वी तिने कुणाकडून तरी 'द सिम्स'ची सीडी आणली होती. ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, मग त्यांना भूक लागते, झोप येते, शू लागते, कंटाळा येतो; हे सगळं तुम्ही बघायचं. विल राइट या अमेरिकन माणसाचं घर १९९१ मध्ये ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पहिल्या चमच्यापासून पुन्हा जमवताना त्याला ही कल्पना सुचली. आधी तो नुसता घरं बांधायचा खेळ होता; घर चांगलं जमलं की नाही हे कळावं म्हणून त्यात राहायला माणसं सोडली. फेब्रुवारी २००० मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा माणसांनी घर खाऊन टाकलं होतं.

आणि भाचीने काय केलं? हुबेहूब आपलं कुटुंब तयार केलं. आई, बाबा, आजी, मामा. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधला, त्यात बाबांना उतरवलं आणि शिडी काढून घेतली. त्या खेळातल्या माणसाला शिडीशिवाय काठावर चढता येत नाही. तो दमेपर्यंत पोहतो आणि मग संपतो. जगातल्या असंख्य मुलांनी हाच उद्योग केलेला आहे, पण ते आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक? भाऊजी बँकेतून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि मुलीच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांच्यासारख्याच मिशीचा माणूस गटांगळ्या खात होता. ताई तर चरकलीच. भाऊजींनी शांतपणे विचारलं, "याचं नॉमिनेशन झालंय का?"

ती मुलगी आता मोठी झाली, पण खोड तीच. कुठलाही खेळ दिला की ती आधी तो कुठे फाटतो ते बघते.

तर 'मेन ब्रँच'. पहिल्या सकाळी गावाचे महापौर पंधरा बियांचं पाकीट भेट देतात. पार्सनिप, म्हणजे पांढरट गाजर समजा. भाऊजींनी ताबडतोब बँकेची जुनी कोरी डायरी काढली आणि मला विचारलं, "हे अनुदान दाखवू की बिनव्याजी कर्ज?" पुढच्या पानावर रोजकीर्द, मागच्या बाजूने खतावणी. पार्सनिपचं बी २० सोनेरी नाण्यांना, चार दिवसांत पीक, विक्री ३५ ला. भाऊजींनी आकडे दोनदा तपासले. "चार दिवसांत पंचाहत्तर टक्के! अरे, असं आमिष तर पळून जाणारे फंडवालेसुद्धा दाखवत नाहीत." दोन दिवस ते पेरणी करायलाच तयार नव्हते. गावात पोलीस ठाणं दिसत नाही, ही त्यांची आणखी एक शंका.

एकदा विश्वास बसल्यावर मात्र त्यांना थोपवणं कठीण झालं. खेळातला दिवस सकाळी सहाला उजाडतो आणि रात्री दोनला संपतो. आपल्या घड्याळाने जेमतेम चौदा मिनिटं. अंगात ताकद मोजून २७० ठिपके, प्रत्येक कुदळीला त्यातले थोडे उतरतात. इतर लोक या चौदा मिनिटांत पाऊस बघतात, समुद्रावर जातात. भाऊजींनी मिनिटवार काम लावलं. पिएरचं किराणा दुकान बुधवारी बंद असतं; एका बुधवारी फेरी फुकट गेली, तेव्हापासून डायरीत दर बुधवार लाल. कावळे पीक खातात म्हणून बुजगावणी, आणि एका बुजगावण्याचा धाक किती चौकोनांपर्यंत पोचतो त्याचा आलेख. महिना २८ दिवसांचा, ऋतू चार. "इंग्रजी कॅलेंडरपेक्षा बरं," म्हणाले, "प्रत्येक महिन्याचं व्याज सारखं येतं."

गावात एक मोडकं समाजमंदिर आहे. रानातली लुकलुकती भुतावळ तिथे राहते. तुम्ही पिकवलेलं, पकडलेलं, वेचलेलं एकेक त्यांना नेऊन द्यायचं. त्या बदल्यात ती भुतं बस दुरुस्त करतात, पूल बांधतात, काचघर उभं करतात. खेळाचा सगळा जीव तिथे आहे. नाहीतर दुसरा रस्ता आहे: त्याच जोजा कंपनीचं पाच हजारांचं सभासदत्व घ्यायचं, मग समाजमंदिराचं गोदाम होतं आणि कामं रोख पैशात होतात. हा रस्ता करणाऱ्याने खलनायकाचा म्हणून ठेवलाय. तो घेणाऱ्याला थोडी शरम वाटावी अशीच सगळी मांडणी.

भाऊजींनी भुतावळीला पहिल्या खेपेला चार भाज्या दिल्या आणि थांबले.

"पोच कुठंय?"

"कसली?"

"माल दिला ना आपण? सही-शिक्का काही?"

भुतं नाचत होती. भाऊजींनी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी ते जोजाचे सभासद झाले. दरपत्रक पाहून त्यांचा चेहरा उजळला: खाणीतली ट्रॉली १५,०००, नदीतलं सोनं गाळणं २०,०००, पूल २५,०००, काचघर ३५,०००, बस ४०,०००. "एकूण एक लाख पस्तीस हजार, वर सभासदत्व पाच. एक लाख चाळीसमध्ये गाव चकाचक. कुणाची मर्जी राखायला नको." भाचीला फोनवर कळलं तेव्हा ती जवळजवळ रडली. "बाबा, जोजा वाईट आहेत रे!" "वाईट असतील," भाऊजी म्हणाले, "पण काउंटर उघडा असतो."

बस सुरू झाल्यावर वाळवंट उघडलं, तिथे स्टारफ्रूटचं बी मिळतं. फळ विकलं तर ७५० येतात, पिंपात घालून वाइन केली तर तिप्पट. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वर्गणीच्या पार्टीतही लिंबूसरबत प्यायलं, त्याच्या शेतावर दुसऱ्या वर्षी पिंपांच्या इतक्या रांगा लागल्या की गाय दिसेना. ताई म्हणाली, "आपल्या दोन्ही घराण्यांत दारू गाळणारे हे पहिलेच."

"याला मूल्यवर्धन म्हणतात," भाऊजी म्हणाले.

ताई स्वतः खेळत नाही. ती शेजारी बसून मटार सोलते आणि पडद्याकडे बघते. पण सांगतो, त्या घरात खरा बदाम तीच. महिन्याभरात तिला अख्खं गाव पाठ. "तो लायनस तंबूत राहतो त्याला थंडी नाही का वाजत? अहो, त्याला काहीतरी द्या ना." "त्या पेनीची आई रोज गुत्त्यात जाऊन बसते. पोरीच्या लग्नाचं कुणी बघतंय का?" भाऊजींना लायनस म्हणजे आठवड्याला दोन भेटी आणि वाढदिवस, रकाना, खूण, पुढचा. या खेळात माणसाशी ओळख वाढली की त्याच्या नावापुढे बदाम भरत जातात, आणि कुणाला काय आवडतं हे ठरलेलं असतं. ताईला ते बदाम दिसायचे, भाऊजींना शिल्लक.

लग्नाचं त्यांनी असंच केलं. बारा उपवर मुलं-मुली गावात आहेत. भाऊजींनी तक्ता मांडला: आवडती वस्तू, तिचा खर्च, घरापासून अंतर. मारू नावाची मुलगी अव्वल आली. हुशार, यंत्रं जोडते, दवाखान्यात काम करते. पण भाऊजींच्या तक्त्यात तिचं मुख्य क्वालिफिकेशन असं की तिला फ्लॉवर आवडतो. फ्लॉवर! बी ८० ला, बारा दिवसांत तयार. "हिला घरच्या भाजीवर भागवता येतं." शिवाय तिची आई सुतार, गावातली सगळी बांधकामं तिच्याकडे. भाऊजींनी पुढचाही विचार केला होता.

इथे एक माहिती द्यायला हवी. भाऊजी फ्लॉवर खात नाहीत. वासच नको म्हणतात. ताईच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्या घरात फ्लॉवर शिजला तर भाऊजी गावाला गेल्यावर. त्या माणसाने वसंतात साठ फ्लॉवर लावले, त्यातले टपोरे वेचून पेटीत ठेवले आणि दर आठवड्याला दोन नेऊन दिले. आठ बदाम भरले, २०० चा गुच्छ दिला. दहा भरले, मग मागणीचा शंख. तो शंख पाच हजारांना मिळतो आणि विकणारा म्हातारा खलाशी फक्त पावसात किनाऱ्यावर उभा असतो. भाऊजी रोज खेळातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान बघत. आमच्या टीव्हीवरचं त्यांनी कधी ऐकलेलं मला आठवत नाही. लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी ते सासूच्या दुकानात जाऊन दर बघून आले.

"सवलत नाही," ते म्हणाले.

ताईने मटाराची शेंग जरा जोरातच मोडली.

मध्ये एकदा स्टारड्रॉप नावाचं दुर्मीळ फळ मिळालं, ज्याने अंगातली ताकद कायमची वाढते. ते खाल्लं की खेळ सांगतो, तुमचं मन अमक्याच्या विचाराने भरून गेलंय. अमक्याच्या जागी सुरुवातीला लिहिलेली तुमची आवडती गोष्ट. पडद्यावर अक्षरं उमटली: तुमचं मन एन. ए. च्या विचाराने भरून गेलं आहे. ताईने ते वाचलं. भाऊजींनीही वाचलं. दोघंही काही बोलले नाहीत.

दिवाळीत भाची आली. येताना निन्टेंडोचा स्विच घेऊन आली; २०२० च्या टाळेबंदीत तिने ज्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'वर दिवस काढले तो खेळ आजीला दाखवायचा होता. बेटावर राहायचं, शेजारी बोलकी जनावरं, आणि खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. आजी रमली. भाऊजींनी मात्र टॉम नूक या सावकाराची चौकशी केली. पहिल्याच घराला ९८,००० चं कर्ज. व्याज नाही. मुदत नाही. तगादा नाही. हे ऐकून भाऊजींना खरोखर घाम फुटला. "मुदतच नाही तर थकबाकी मोजायची कुठून? नव्वद दिवस धरायचे कधीपासून? हा माणूस बुडणार!" जेवतानाही त्यांच्या डोक्यात तेच. "तारण काय घेतलंय त्याने?" आजी म्हणाली, "भला रॅकून आहे हो तो." भाऊजी म्हणाले, "भल्यांच्याच पतपेढ्या बुडतात."

आणि त्याच दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, तो प्रकार झाला. भाऊजी जेवून वामकुक्षीला गेले. लॅपटॉप उघडा होता. 'मेन ब्रँच'वर दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा, तारीख १०, मारूचा वाढदिवस. सोनेरी चांदणीचा फ्लॉवर देऊन भाऊजींनी खूण केलेली. ११ तारखेला गावाचा लुआऊ असतो. समुद्रावर मोठ्या हंड्यात सूप शिजतं, प्रत्येक जण त्यात आपल्याकडचं काहीतरी टाकतो आणि पाहुणे आलेले गव्हर्नर चव घेतात. सूप झकास झालं तर साऱ्या गावाचे बदाम वर, बिघडलं तर साऱ्या गावाचे खाली. डायरीत भाऊजींनी आठवडाभर आधी लिहून ठेवलं होतं कोणता जिन्नस टाकायचा ते.

भाची खुर्चीत बसली. मी दारात उभा होतो. "मामा, विषारी अळंबं टाकलं तर काय होतं माहितेय?"

"नको गं."

"बघू तरी."

इस्पिक शेवटी इस्पिकच. तिने लाल अळंबं हंड्यात सोडलं. गव्हर्नरांनी चमचा तोंडाला लावला आणि त्यांचा रंग बदलला. महापौर ओशाळले. किनाऱ्यावरचं सगळं गाव, ताईचा लायनस, पेनी, सुतार सासू, सगळे तोंडं वाकडी करून उभे. भाची हसून हसून लोळली. आणि मग तिने ती मोठी चूक केली: हा खेळ रात्री अंथरुणावर पडल्याशिवाय सेव्ह होत नाही, आणि तिने शेतकऱ्याला घरी नेऊन झोपवला. आत भाऊजी घोरत होते, बाहेर भाऊजी झोपले, आणि सव्वा वर्षाची मैत्री रोजकीर्दीतून वजा झाली.

उठल्यावर भाऊजींनी चहा घेतला, डायरी उघडली, पडदा बघितला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लाल शाईने एक ओळ लिहिली: 'अळंबे. अफरातफर.' आणि मुलीला सही करायला लावली.

या अफरातफरीची त्यांना भीती वाटायचं कारण वेगळंच होतं. ज्या खेळात कुणी जिंकत नाही, तिथे चौकटवाल्याला परीक्षक आपला आपण शोधावा लागतो, आणि भाऊजींना तो सापडला होता. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पहाटे आजोबांचं भूत येतं आणि तुमच्या दोन वर्षांच्या कारभाराला गुण देतं. एकूण २१. कमाईला इतके, मैत्रीला इतके, लग्नाला इतके. वायव्य कोपऱ्यात त्यांची समाधी आहे, तिथे गुणांप्रमाणे मेणबत्त्या पेटतात, जास्तीत जास्त चार. चारांना १२ गुण पुरतात. "पासिंग बारा," भाऊजी म्हणायचे, "पण बारावर समाधान मानणारे पुढे कॅशियरच राहतात." समाजमंदिर सोडून जोजाकडे जाणाऱ्या नातवाबद्दल आजोबांचं काय मत असेल, हे मी एकदा विचारलं. "आजोबांच्या वेळी जोजाचं दरपत्रक नव्हतं," एवढंच उत्तर आलं.

इन्स्पेक्शनची ती रात्र संक्रांतीच्या आठवड्यात पडली. ताई, आजी, मी, सगळे लॅपटॉपभोवती. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. का, ते कुणी विचारलं नाही. भूत आलं, दोन शब्द बोललं, गेलं. समाधीवर एक मेणबत्ती पेटली. दुसरी. तिसरी.

आम्ही वाट बघितली. पडद्यावर सकाळ झाली, कोंबड्या बाहेर आल्या.

"तीन," भाऊजी म्हणाले. "किती पैकी किती ते कुठं दिलंय?"

कुठेच दिलेलं नव्हतं. तो खेळ मेणबत्त्या दाखवतो, गुणपत्रिका देत नाही. भाऊजी ओळीने बटणं दाबत राहिले, समाधीभोवती तीन चकरा मारल्या. मग भाचीला फोन लावला. अफरातफरीचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेच काढला. "बाबा, सॉरी. पण ऐक, फेरतपासणी करता येते. समाधीवर एक हिरा ठेवायचा."

"फी?"

"हो, फी समज. एक हिरा."

भाऊजींचा चेहरा जरा माणसात आला. रिव्हॅल्युएशनची फी भरणं ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती. पण हिरा कुठला आणणार? खाणीत सापडलेला प्रत्येक हिरा त्यांनी त्याच दिवशी ७५० ला फुंकला होता. भाव बदलत नाही तर साठा कशाला? डायरी चाळली. आठ हिरे, आठ विक्री. पेट्या उपसल्या. शेवटी लाकडांच्या पेटीत, तळाशी, दिवाळीत भाचीने कुठून तरी उचलून टाकलेला एक हिरा निघाला. हिशेबात नसलेला. भाऊजींनी तो आधी जमा धरला, मग हातात घेतला.

ताईच्या मांडीवर तिळगुळाचा डबा होता. ती पडद्याकडे बघत सहज म्हणाली, "मारूला हिराही आवडतो म्हणे. परवा फोनवर पोरगी सांगत होती. फ्लॉवरइतकाच."

मारू अंगणात उभी होती. बरेचदा सकाळी असते, कधी कुंपण नीट करते, कधी गुरांना चारा घालते. समाधी शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

भाऊजी थांबले. शेतकरी पडद्यावर हिरा डोक्यावर धरून उभा होता, कारण त्या खेळात वस्तू हातात घेतली की ती तशी डोक्यावर धरतात. किती वेळ ते मी सांगत नाही. खेळातल्या घड्याळाने सहाचे साडेसात झाले.

"तिला फ्लॉवर चालतो," भाऊजी म्हणाले आणि हिरा समाधीवर ठेवला.

ताई डबा घेऊन आत गेली. रात्री पानात गरम भाकरी होती, तिळाची चटणी होती आणि वाटीभर फ्लॉवरची भाजी होती. भाऊजींनी वाटीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं. तिथे काही मदत नव्हती. मग त्यांनी खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडला.

"आणखी वाढू?" ताईने विचारलं.

"वाढ," भाऊजी म्हणाले.